स्तामाता थांबत नाही

ग्रीसमधल्या नाक्सोस बेटाच्या धक्क्याला बोट लागली की तिच्या पोटातून आधी बॅगांची चाकं बाहेर पडतात, मग माणसं. त्यांतली बरीचशी उजवीकडे वळून स्तामाताच्या दुकानात शिरत. दुकान म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवरच्या खिळ्यांना सात किल्ल्या आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत सात पांढऱ्या गाड्या. पांढऱ्या अशासाठी की डोंगरातल्या रस्त्यांची धूळही पांढरीच आहे. धुण्याची घाई राहत नाही.

गाडीचे कागद झाले की स्तामाता हाताने काढलेला नकाशा गिऱ्हाइकापुढे सरकवी आणि निळ्या पेनने बेट उलगडून दाखवी. तिला इंग्रजीचे तीनशे शब्द येत होते आणि त्यांतले दोनशे रस्त्याचे होते. हा संगमरवरी दरवाजा. इथे सूर्यास्ताला जा, सगळे तेव्हाच जातात. हे देमेतेर देवीचं देऊळ. टोपी न्या, देवी धान्याची आहे, सावलीची नाही. हे हाल्की गाव. पुढे वळणावर मोठं अक्रोडाचं झाड लागेल, तिथून डावीकडे वळलात की जुनं चर्च. मग घाट. घाटात शेळ्यांना आधी जाऊ द्या, त्या तुम्हाला जाऊ देणार नाहीत. आणि अगदी उत्तरेला, आपोलोनासच्या वर, खाणीत आडवा पडलेला दगडी माणूस.

गिऱ्हाइकांना वाटे, ही बाई याच रस्त्यांवर जन्मली असावी. काही जण तिचा फोटो काढून नेत. खरी गोष्ट बंदरावरच्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि बाहेरच्याला सांगण्याइतकी कुणाला ती महत्त्वाची वाटत नव्हती: सव्वीस वर्षं गाड्या भाड्याने देणाऱ्या स्तामाताला गाडी चालवता येत नव्हती.

गाडी चालवू नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. शीक असंही म्हटलं नव्हतं. चालवायला नवरा होता. याकुमिस तरुणपणी डोंगरातल्या खाणींचा माल ट्रकने बंदरावर आणायचा; खाणी बंद पडत गेल्या तेव्हा त्याने ट्रक विकून दोन गाड्या घेतल्या, दोनाच्या सात झाल्या. रस्ते त्याने सांगायचे, नकाशा तिने काढायचा. तिला स्वतःला घाटात मळमळत असे. माहेरच्या गावी जाताना ती बसमध्ये चढली की रुमाल तोंडाला लावून डोळे मिटून घेई, ते उतरताना उघडी. साठ वर्षांत तिने हे बेट बहुतेक असंच पाहिलं होतं.

तिच्या नावाचंही सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. ग्रीकमध्ये ‘स्तामाता’ म्हणजे ‘थांब’. खाणीत काम करणाऱ्या तिच्या बापाला ओळीने तीन मुली झाल्यावर चौथीच्या बारशाला त्याने हे नाव ठेवलं. वर जो कोणी मुली पाठवत होता त्याला स्पष्ट निरोप म्हणून. डोंगरातल्या गावांत ही पद्धतच होती. निरोप पोचला नसावा, कारण तिच्यानंतर आणखी दोन मुली झाल्या. तेव्हापासून स्तामाता या शब्दाने कुणी थांबतं यावर घरात कुणाचा विश्वास उरला नव्हता.

याकुमिस डिसेंबरात गेला. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना झाली, उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटला गेला आणि मंडळी शेजारच्या खोलीत कॉफी आणि ब्रँडी घेऊन बसली. तिथे तिचा थोरला दीर फ्रांगिस्कोस तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला. त्याची स्वतःची तीस गाड्यांची एजन्सी होती, आणि स्तामाताच्या गाड्या जिथे उभ्या राहत ती धक्क्यासमोरची जागा बापाकडून त्याच्या नावावर आलेली होती. माणूस वाईट नव्हता. फक्त दुसऱ्याचं भलं कशात आहे ते त्याला फार लवकर कळायचं.

“स्तामाता, गाड्या म्हणजे कोंबड्या नव्हेत,” तो म्हणाला. “सकाळी सोडल्या आणि संध्याकाळी आपणहून घरी आल्या, असं नसतं. विमानतळावर पोचवायला, बिघडली तर डोंगरातून आणायला कुणीतरी लागतं. तुझ्याकडे कोण आहे?”

माणूस ठेवीन, असं ती म्हणाली. माणूस म्हणावा असे जे होते ते हॉटेलवाल्यांनी केव्हाच ठेवून घेतले, असं तो म्हणाला. आणि ते खरं होतं.

“तर मग असं करू. ईस्टरपर्यंत तू लायसन काढलंस, तर जागा तुझी. याकुमिसची होती तशीच, मी तोंडातून शब्द काढणार नाही. नाही जमलं, तर सातही गाड्या माझ्या आवारात आण. तू खुर्चीत बसून माझ्या गिऱ्हाइकांना नकाशे काढून दे. सुखाचं काम आहे. ठरलं?”

स्तामाताने भुवया वर उचलल्या आणि जीभ टाळ्याला लावून एकदा ‘च्’ केलं. आमच्याकडे हा पूर्ण नकार असतो. त्यापुढे वाद घालायला वकीलसुद्धा तयार होत नाही. नकार नेमका कशाला होता, लायसनला की खुर्चीला, हे मात्र फ्रांगिस्कोसला कळलं नाही. त्याने आपल्या सोयीचा अर्थ घेतला आणि ब्रँडी संपवली.

दुसऱ्या दिवशी काळ्या कपड्यांतच ती झाफिरिसच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन उभी राहिली. झाफिरिस पंचेचाळिशीचा, गोल, आणि चोवीस तास सूर्यफुलाच्या बिया सोलत असलेला माणूस होता. तिला बघून तो उठला आणि म्हणाला, “मावशी, कुठल्या भाचीला शिकवायचंय?” तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. त्याने बियांची पुडी बंद करून खिशात घातली. असं तो फार क्वचित करी.

लेखी परीक्षा तिने पहिल्या फटक्यात पार केली. कुणाला आधी जाऊ द्यायचं, कुठे गाडी लावायची नाही, हे सगळं ती सव्वीस वर्षं परदेशी लोकांना सांगत आलेली होती. एकही उत्तर चुकलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र पायांना ते काही ठाऊक नाही असं दिसलं. पहिले पंधरा दिवस झाफिरिस तिला रिकाम्या बटाट्याच्या गोदामाभोवती फिरवत राहिला. सोळाव्या दिवशी तिने टेबलावरचा नकाशा आणला आणि त्याच्यापुढे धरला.

“आजपासून या रस्त्यांनी,” ती म्हणाली.

परीक्षा गावातल्या रस्त्यांवर होते, डोंगराशी तिचा संबंध नाही, असं त्याने समजावून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि देमेतेरच्या देवळाकडे गाडी वळवली.

त्या फेब्रुवारीत, बेटावर एकही पर्यटक नसताना, स्तामाताने नाक्सोसची प्रेक्षणीय स्थळं पाहिली. देवळाजवळ ती पाच मिनिटं खांबांकडे बघत उभी राहिली, मग तिने नकाशावर ‘वारा’ असा शब्द वाढवला. हाल्कीच्या पुढे वळण आलं. तिने गाडी हळू करत करत अगदी उभीच केली.

“झाड कुठे आहे?”

“कसलं झाड?”

“अक्रोडाचं. इथे डावीकडे वळायचं.”

झाफिरिसने एक बी फोडली. “मावशी, ते रस्ता रुंद केला तेव्हा तोडलं. मी शाळेत होतो.”

स्तामाताने हिशेब केला नाही, पण तिच्या डोळ्यांसमोरून जर्मन, फ्रेंच, डच अशी सव्वीस उन्हाळ्यांची माणसं एकापाठोपाठ गेली. नसलेलं झाड शोधत, नकाशा उलटा-सुलटा करत, कुठल्यातरी गोठ्यात पोचलेली. एकानेही कधी तक्रार केली नव्हती. उलट काही जण परत येऊन म्हणाले होते, फार सुंदर रस्ता दाखवलात. परदेशी माणूस वाट चुकला की त्याला सहल म्हणतो.

याकुमिसला त्या रस्त्याने जाताना बहुधा झाड दिसतच राहिलं असणार. ती त्याच्यावर चिडली, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, आणि तिला जरा बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली ती घाट चढून गेल्यावर. तिला मळमळलं नव्हतं. डोळे उघडे होते, स्टिअरिंग हातात होतं, आणि पोट गप्प होतं. साठ वर्षं हा उपाय कुणी सांगितला नाही, असं ती म्हणाली. झाफिरिस म्हणाला, मी डॉक्टर नाही.

पहिली परीक्षा मार्चच्या सुरुवातीला झाली. परीक्षक सिरोसहून बोटीने येतो, दिवसभर परीक्षा घेतो आणि संध्याकाळच्या बोटीने परत जातो. हा परीक्षक पन्नाशीचा, बारीक मिशीचा आणि सगळ्यांना अरे-तुरे करणारा होता. त्याच्यापुढे मंत्री येऊन बसला असता तरी त्याने “चल, घे उजवीकडे” असंच म्हटलं असतं. तो मागच्या सीटवर बसला, झाफिरिस पुढे तिच्या शेजारी. स्तामाताने आरसे बघितले, पट्टा लावला, गाडी सफाईने काढली, चौकात थांबून वाट दिली. वीस मिनिटं एकही चूक झाली नाही. मग बंदरावरच्या दीपस्तंभाच्या अलीकडे परीक्षक कागदावर काहीतरी लिहिता लिहिता म्हणाला,

“स्तामाता.”

“हं, बोला,” स्तामाता म्हणाली आणि चालवत राहिली.

“स्तामाता!”

“ऐकतेय मी. बोला ना.”

रस्ता संपत आला होता. पुढे बोटींचे दोर बांधायचा लोखंडी खांब होता, त्याच्यापुढे समुद्र. परीक्षकाने तिसऱ्यांदा तिचं नाव घेतलं, तेव्हा झाफिरिसने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. शिकवणाऱ्याने ब्रेक दाबला की परीक्षा तिथेच संपते; नियमच तसा आहे.

खाली उतरून तिने परीक्षकाला शांतपणे विचारलं की त्याने नाव घेतलं, तिने ओ दिली, यात तिची चूक कोणती. तो म्हणाला, मी नाव घेतलं नव्हतं, थांबायला सांगितलं होतं. तिचं नाव त्याला माहीतही नव्हतं. त्याने कागद उचलून पाहिला, आणि एक क्षण त्याच्या मिशीचं टोक हललं. पण ‘नापास’ लिहून झालेलं होतं आणि त्याने ते पेनने लिहिलं होतं.

“मी तुमच्याहून दहा वर्षांनी मोठी आहे,” ती म्हणाली. “तुम्ही ‘थांबा’ म्हटलं असतंत तर गाडी उभी राहिली असती.”

ती खरं तेच सांगत होती. ‘थांबा’ला आमच्याकडे ‘स्तामातीस्ते’ म्हणतात, आणि त्या नावाची बाई अजून जन्माला आलेली नाही.

ही बातमी तिच्या आधी घरी पोचली. आमच्या डोंगरातल्या लोकांना दोन ओळी जुळवण्याची खोड आहे. लग्न असो, भांडण असो, कुणाची मेंढी चोरीला जावो, दोन ओळी तयार. धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात दुपारीच कुणीतरी त्या म्हटल्या, आणि दुकान फ्रांगिस्कोसच्या मित्राचं असल्याने संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पाठ झाल्या:

‘थांब’ जिचं नाव, तिला थांब म्हणून बघा,
समुद्र म्हणे, “बाई, मीच सरकतो जरा.”

यमक ओढूनताणून आणलंय, एवढंच स्तामाता म्हणाली. ती स्वतः त्याच डोंगरातली होती, तिला त्यातलं कळत होतं.

फ्रांगिस्कोसने कुत्सितपणा केला नाही. तो एका सकाळी टेप घेऊन आला आणि मोकळी जागा मोजून गेला. नुसती मोजतोय, असं म्हणाला. तिने त्याला कॉफी दिली, आणि टेपचं दुसरं टोकही धरलं.

दुसरी तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होती. त्या दिवशी वारा एवढा सुटला की बोटींना बंदी झाली आणि परीक्षक सिरोसलाच राहिला. पुढची तारीख मिळाली ती मोठ्या मंगळवारची, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातली. त्यानंतर कचेरी बंद होणार होती. म्हणजे एकच संधी उरली होती, आणि तीही वाऱ्याच्या मर्जीवर.

वाऱ्याच्या त्या दिवशी ती झाफिरिसला घेऊन आपोलोनासला गेली. नकाशावरचं तेवढंच एक ठिकाण पाहायचं राहिलं होतं. दगडी माणूस खाणीत उताणा पडला होता, साडेदहा मीटर लांब, दाढी घडवलेली, हात नुसते ठोकळे. अडीच हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी इतकं काम केलं आणि सोडून दिलं. दगडाला तडा गेला म्हणतात, कुणी म्हणतं पैसे देणारा मेला. स्तामाता त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत चालत गेली, परत आली.

“असा टाकून दिलेला बघायला लोक इतक्या लांबून येतात?”

“दरवर्षी,” झाफिरिस म्हणाला. “तूच पाठवतेस.”

“पुरा केला असता तर?”

“पुरा केला असता तर कुणीतरी केव्हाच उचलून नेला असता, मावशी.”

हे उत्तर तिला आवडलं नाही. परतताना खाली बंदर दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, “उद्यापासून तू मला गाडीत नावाने हाक मारायची. दर पाच मिनिटांनी. आणि मधूनच थांबायला सांगायचं.”

त्याने तसं केलं. तीन दिवसांत परिणाम दिसला, पण भलताच. रस्त्यात कुणी “स्तामाता, कशी आहेस?” म्हटलं की ती चालता चालता जागच्या जागी उभी राही. एकदा घेतलेला पाव बेकरीतच राहिला. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नावानिशी आशीर्वाद दिला, तेव्हा मागून येणाऱ्या दोन बायका तिच्यावर आदळल्या. झाफिरिस म्हणाला, आता कुणी बाहेरून हाक मारली तर ती भर चौकात गाडी उभी करेल आणि पुन्हा नापास होईल. नावाला थांबलं तरी नापास, न थांबलं तरी नापास. त्याने नवी पुडी उघडली.

स्तामाताने यावर दोन दिवस विचार केला. मग सराव बंद केला.

मोठ्या मंगळवारी समुद्र तेलासारखा होता. परीक्षक उतरला, यादी बघितली आणि मागच्या सीटवर बसला. स्तामाताने किल्ली फिरवली नाही. ती मागे वळली.

“सुरू करण्यापूर्वी एक विनंती आहे. मला अहो-जाहो करा.”

“मी कुणाला करत नाही,” तो म्हणाला.

“मान हवा म्हणून नाही म्हणत. गाडी उभी राहावी म्हणून म्हणते. ‘स्तामाता’ म्हणालात, तर ते माझं नाव. मी ओ देईन आणि चालवत राहीन, एकसष्ट वर्षांची सवय आहे. ‘थांबा’ म्हणालात, तर तो हुकूम. जिथे म्हणाल तिथे थांबेन. हे आधी सांगितलं नाही असं नंतर म्हणू नका. झाफिरिस साक्षीला आहे.”

झाफिरिसने समोरच्या काचेकडे बघत मान हलवली. तीस वर्षांच्या नोकरीत परीक्षकाला कुणी मागे वळून अट घातली नव्हती. नियमांच्या पुस्तकात याला मनाई आहे का, हे तो आठवत असावा. नसावी.

“निघ,” तो म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, “निघा.”

ती निघाली. डावीकडे, उजवीकडे, चढावर गाडी उभी करून पुन्हा काढणं, मागे घेऊन दोन गाड्यांच्या मध्ये लावणं. परीक्षक एकेक ‘वळा’ आणि ‘घ्या’ असं उच्चारत होता, जसा दात दुखणारा माणूस सुका पाव खातो. मग रस्ता धक्क्यावर आला. कॉफीच्या दुकानापुढे खुर्च्या भरलेल्या होत्या आणि फ्रांगिस्कोस कडेच्या खुर्चीत होता. आज परीक्षा आहे हे त्या सगळ्यांना माहीत होतं. कुणी धीर द्यायला म्हणून, कुणी गंमत म्हणून, पण गाडी समोर आली तसे सगळे मिळून ओरडले.

“स्तामाता! ए स्तामाता!”

झाफिरिसचा पाय त्याच्या ब्रेकवर गेला आणि वरच्यावर थांबला. स्तामाताने मान वळवली नाही. “हं,” ती पुटपुटली, कारण हाकेला ओ न देणं तिला जमत नव्हतं. गाडी तीसच्या वेगाने दुकानापुढून गेली.

दीपस्तंभ आला. लोखंडी खांब आला. मागच्या सीटवरून आवाज आला, “स्ता—” आणि तुटला. गाडी चालत राहिली. समुद्र समोर होता. झाफिरिसने डोळे मिटले.

“—मातीस्ते,” परीक्षक म्हणाला. “थांबा, बाई. थांबा.”

गाडी थांबली, धक्का न बसता, खांबापासून दोन हात अलीकडे. स्तामाताने गियर काढला, हातब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

परीक्षकाने कागद भरला. खाली उतरताना तो झाफिरिसला म्हणाला की बाकीच्या उमेदवारांना हे सांगू नकोस, नाहीतर उद्यापासून सगळेच मागतील.

संध्याकाळी ती पायीच कॉफीच्या दुकानात गेली. विधवा बाई एकटी तिथे जात नाही, तेव्हा खुर्च्या जरा सरकल्या. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने परतफेड केली, आणि यमक नीट जुळवलं होतं:

थांब म्हणून हाक मारा, थांबणार मी नाही;
अहो म्हणून बघा आधी, मग बघू जमतं का काही.

ईस्टरच्या सोमवारी पहिली मोठी बोट आली. स्तामाताने दोन बेल्जियन म्हाताऱ्यांना नवा नकाशा दिला. हाल्कीच्या पुढे वळणावर झाड नाही, असं तिने त्यांना बजावलं. त्यांनी विचारलं, मग ओळखायचं कसं? झाड नसलं की तिथे वळायचं, असं ती म्हणाली. ते समाधानाने गेले.

मग ती विमानतळावर गाडी पोचवायला निघाली. गावाबाहेरच्या चढावर फ्रांगिस्कोस एका हातात ईस्टरच्या कोकराची उरलेली तंगडी कागदात गुंडाळून, दुसऱ्या हाताने टोपी सांभाळत पायी चालला होता. त्याच्या तीसही गाड्या त्या दिवशी भाड्याने गेल्या होत्या. पांढरी गाडी बघून त्याने हात वर केला.

“स्तामाता!”

“हं!” ती खिडकीतून म्हणाली, आणि पुढे गेली.

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. धूळ खाली बसली. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, घसा खाकरला, आणि आपल्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात भावजयीला पहिल्यांदा म्हणाला,

“स्तामातीस्ते.”

चढावर, पन्नास पावलं पुढे, ब्रेकचे दोन लाल दिवे लागले.